मेहबूबची ‘आत’ आणि अंबाजीची ‘आत’

उर्से गावचा अंबाजी रस्त्यानं चालायचा तो कायम डोंगराच्या बाजूनं. त्याचा थोरला भाऊ गवत कापता कापता कड्यावरून खाली गेला होता आणि गावाला त्याचं नुसतं मुंडासं सापडलं होतं. तेव्हापासून अंबाजी दरीकडे बघायचाही नाही. अंगानं मात्र गडी असा जड, की बाजेवर बसला तर बाज ओरडायची. लोणावळ्याजवळ तुंगार्लीत एका शेठच्या बंगल्यात तो माळी होता. मागच्या खोलीत तो आणि बायको सरुबाई राहायची. गुलाबांची आळी करण्यात त्याचा जन्म सुखानं गेला असता, पण शेठला शर्यतीचं वेड लागलं.

त्यांच्यासकट मुंबईच्या चार हौशी शेठजींनी ठरवलं की खोपोलीहून एकेक मोटार सोडायची आणि खंडाळ्यापर्यंतचा घाट कोण लवकर चढतं ते घड्याळावर बघायचं. चालवणार अर्थात ड्रायव्हर. शेठजी वर छत्रीखाली चहा पीत बसणार. हौस एकाची आणि हाडं दुसऱ्याची, हा सोयीचा खेळ.

शेठचा ड्रायव्हर मेहबूब लोणावळ्याचा. त्यानं गाडीचं टप काढलं, मडगार्ड काढले, मागची सीट उतरवली. वळणावर गाडी झुलू नये म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांना सुतळी आवळून गुंडाळली. चाकांत हवा कधी वाढवून बघितली, कधी कमी करून. तरी गाडी जोरात वळली की वळणाच्या आतलं मागचं चाक उचलायचंच. तिथं वजन हवं होतं, आणि तेही दर वळणाला बाजू बदलणारं. मेहबूबची नजर अंबाजीवर गेली.

“तुला काय न्हाई करायचं,” मेहबूब म्हणाला. “माज्या शेजारी बसायचं. मी ‘आत’ म्हनलो की झुकायचं.”

शेठ समोरच उभे होते. नाही म्हणायची अंबाजीची छाती झाली नाही.

सरावाला दोघं घाटात उतरले. मेहबूब सांगत होता, की ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरच्या कडेनं शिरायचं, मध्यावर आतली कड धरायची आणि तिथून गाडी मोकळी सोडायची. अंबाजीनं यातलं काहीही ऐकलं नाही. तो सीटपाशी बांधलेला चामडी पट्टा धरून देवाचं नाव घेत होता. चढताना डोंगर उजवीकडे होता. उजवं वळण आलं, मेहबूब “आत!” म्हणाला की अंबाजी खुशीनं डोंगराकडे, म्हणजे मेहबूबच्या अंगावर रेलायचा. हे जमण्यासारखं होतं.

मग ओढ्याचं वळण आलं. तिथं रस्ता डोंगराच्या खाचेत शिरून एकदम डावीकडे वळायचा. दरी डाव्या हाताला, थेट अंबाजीच्या कोपराखाली.

“आत!” मेहबूब ओरडला.

अंबाजी आत आला. चांगला अंग चोरून, गाडीच्या आत, मेहबूबच्या मांडीपर्यंत. दरीकाठी उभ्या माणसाला ‘आत ये’ म्हटलं तर तो दुसरं काय करील? डावी चाकं उचलली, गाडी उजवीकडे कलंडली आणि मेहबूबचा खांदा खडकाला घासत गेला. मग चाकं दाणकन खाली आदळली.

“आत म्हनलो ना रं!”

“आतच आलो की!”

“वळनाची आत! दरीची बाजू!”

अंबाजीनं दरीकडे पाहिलं आणि पट्टा दोन्ही हातांनी आवळला. त्या बाजूला, गाडीबाहेर, अधांतरी झुकायचं होतं. मेहबूबच्या बाहीतून रक्त येत होतं.

“मला न्हाई जमनार,” अंबाजीनं सांगून टाकलं.

परत आल्यावर शेठ म्हणाले, मग वाळूची पोती बांधा. मेहबूबनं पोती बांधली. पोतं बाजू बदलत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि आता अंबाजीलाही. संध्याकाळी सरुबाईनं मेहबूबच्या खांद्याला हळद लावली. खांदा सोललेला होता. तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “तुमी गेला तर तुमी पडाल. न्हाई गेला तर त्ये चेंगरत्याल. म्या देवाला कुनाला वाचव म्हनू?” अंबाजीनं ताट सरकवलं. रडकुंडीला आलेल्या त्या एवढ्या थोरल्या माणसानं शर्यतीच्या सकाळी पोती सोडली आणि स्वतः जागेवर बसला.

‘आत’ हा शब्द त्यांनी टाकूनच दिला. उजवीकडे झुकायचं तर “माज्याकडं”, डावीकडे तर “तुज्याकडं”. गाडी सुटली. “माज्याकडं!” “माज्याकडं!” “तुज्याकडं!” छोटी वळणं गेली. मग ओढ्याची खाच दिसली. मेहबूबनं ब्रेक मारला, सोडला, स्टिअरिंग फिरवलं, आणि बोलला काहीच नाही.

अंबाजी हाकेची वाट बघत राहिला. डावं चाक हलकं झाल्याचं त्याला बुडाखाली कळलं. पलीकडे खडक मेहबूबच्या खांद्यापाशी येत होता. अंबाजी ओरडला, पट्ट्याला लटकला आणि कमरेपासून दरीत झुकला. डोळे मिटायचं राहून गेलं. खाली गवत होतं, भावानं कापलं होतं तसंच, वाऱ्यानं हलणारं. चाक रस्त्याला टेकलं. गाडी वळली.

वर पोचल्यावर त्याची बोटं पट्ट्यावरून सुटेनात. मेहबूबनं ती एकेक करून उकलली.

“हाक का न्हाई मारली, मेहबूबभाई?”

“भ्यालो रं,” मेहबूब म्हणाला. “वाटलं, शब्द ऐकून तू परत माज्याकडं येशील. कलमा पढलो आन् गप बसलो.”

पहिल्या नंबराचा चांदीचा पेला दुसऱ्याच शेठला मिळाला. त्याचं दोघांना काही वाटलं नाही. शेठ मोटारीनं घरी सोडतो म्हणाले, पण अंबाजीनं हात जोडले. शर्यत बघायला वर आलेल्या सरुबाईला घेऊन तो गावाकडे परतणाऱ्या उर्स्याच्या एका बैलगाडीत बसला. गाडी रमतगमत चालली होती. वाटेत एका ओहोळापाशी रस्ता डावीकडे वळला आणि अंबाजी सवयीनं डावीकडे झुकला.

“आवं, पडाल की!” सरुबाई ओरडली. “आत या, आत!”

तो शब्द कानावर पडला आणि अंबाजी मेहबूबच्या ‘आत’कडे, म्हणजे आणखी बाहेर झुकला. मग आपण आपणहून बाहेर झुकलोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि बैलगाडीच्या दांडीला मिठी मारून तो मोठ्यानं रडायला लागला.