लेशेमचा रंग

पद: उपसंपादक, धर्मग्रंथ शब्दकोश. वय: अठ्ठावन्न. दृष्टी: चष्म्यासह समाधानकारक. सोपवलेले काम: प्राचीन हिब्रू रत्ननामे. कामाची स्थिती: पूर्ण.

सदर इसमाला कचेरीत रत्नपारखी म्हणत. त्यांनी जन्मात खरं रत्न हाताळलं नव्हतं. बायकोच्या कानातले खडेसुद्धा काचेचे. पण बायबलमधल्या महायाजकाच्या छातीवरच्या पटातली बारा रत्नं त्यांना ओळीने पाठ होती. अकरांची कशीबशी सोय लागली होती. सातवं, लेशेम, अडून बसलं होतं. रत्न म्हणून हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा त्याच यादीत. ना रंग, ना वर्णन. जुन्या भाषांतरकारांनी ज्याला जे सुचलं ते ठोकून दिलेलं. सव्वीस वर्षं रत्नपारखी त्या एका शब्दापाशी बसून होते.

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना एका नव्या परदेशी कोशात अर्थ सापडला: धुरकट हिरवा खडा. आणखी दोन कोशांत तेच. त्यांनी नोंद लिहिली, प्रमुख संपादकांनी सही केली, पान छापखान्यात गेलं. त्या दिवशी त्यांनी डबा पूर्ण संपवला.

मग सवयीने आधार तपासायला घेतले. पहिल्या कोशाचा आधार दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, आणि तिसऱ्याच्या तळटीपेत एका खाजगी पत्राचा हवाला. पत्र रत्नपारखींचंच. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी एका परदेशी प्राध्यापकांना विचारलं होतं, धुरकट हिरवा तर नसेल? प्राध्यापक उत्तर न देताच वारले होते; पत्र मात्र त्यांच्या कागदांत राहिलं होतं.

रत्नपारखी धापा टाकत प्रमुखांकडे गेले.

"साहेब, पान थांबवा. तो अर्थ माझ्या डोक्यातला आहे. मी नुसतं विचारलं होतं."

प्रमुखांनी तळटीप वाचली. "इथं तर तुमचं नाव तज्ज्ञ म्हणून आहे."

"पण मला माहीत नाही हो."

"तज्ज्ञाचं छापील मत खोडायचं, तर आधार हवा. पत्राची प्रत?"

"ठेवली नाही."

"मग झालं तर."

"निदान 'अर्थ अनिश्चित' एवढं तरी घाला. पाया पडतो तुमच्या."

"अहो, अनिश्चित अर्थ तर सगळ्यांना घरबसल्या मिळतोच. त्यासाठी कोश कोण घेईल?"

घरी बायको म्हणाली, "दगडच ना तो? कुणाचं काय अडलंय?"

"माझं," ते म्हणाले, आणि जेवले नाहीत.

सकाळी ते थेट छापखान्यात गेले. फोरमन सज्जन माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, लेखी हुकूम मागितला. हुकूम नव्हता. रत्नपारखींनी यंत्रातून पडणारं एक पान उचललं, खिशातल्या पेनाने तो अर्थ खोडला. मग दुसरं उचललं. पाचव्या पानाला फोरमनने त्यांचा हात हलकेच धरला. "काका, चार हजार आहेत."

आता तो अर्थ चार कोशांत आहे. लेशेम कसं दिसायचं, हे कुणालाच ठाऊक नाही.