पन्नास यार्ड

लेस्टरबाहेर माझं मेथीचं शेत आहे. तिथे सशांचा बंदोबस्त करायला दर शनिवारी एक रायफलवाला येतो, आणि हा माणूस मला अजून उमगलेला नाही. जन्मला इथेच, तरी मला मावशी म्हणतो. आल्याआल्या पन्नास यार्डांवर पुठ्ठा लावून तीन गोळ्या झाडतो, आणि तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकून दाखवतो. मग संध्याकाळभर नुसता बसतो. साठ यार्डांवर ससा दिसला तरी म्हणतो, "माझी झीरो पन्नासची आहे, मावशी, म्हणजे दुर्बीण पन्नास यार्डांच्या नेमाला जुळवलेली. तिकडे गोळी ड्रॉप होते." ससे खुशाल मेथी खातात.

परवा मी त्याला 'आता येऊ नकोस' हे सांगायलाच गेले होते. बांधावर एक आजारी ससा बसला होता, डोळे सुजून मिटलेले. हा त्याच्यापासून दहा पावलांवर. तरी हा पाठ फिरवून, पावलं मोजत लांब गेला. मला वाटलं, घाबरला. तेवढ्यात तो जमिनीवर आडवा झाला आणि एकच गोळी झाडली. ससा जागीच कलंडला.

"अरे, जवळून का नाही मारलास?"

"दुर्बीण नळीच्या वर असते ना, जवळून गोळी खाली लागते. पायाला लागली असती त्याच्या." मग म्हणाला, "तुम्ही काही सांगणार होतात?"

"पुढच्या शनिवारी ये," मी म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत स्वतःवरच चिडत राहिले. मेथी तर गेलीच.