शफीची सही

मी चिकलठाण्याच्या विमानतळावर तिकीट काउंटरला होतो, तेव्हा आमच्या कंपनीचा इंजिनिअर होता शफी. मूळचा वैजापूरचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, त्यामुळं यंत्राला कान लावायची सवय घरातूनच आलेली. त्याची सही झाल्याशिवाय विमान हलायचं नाही, आणि हा पठ्ठ्या सहीला इतका वेळ लावायचा की शिव्या आम्ही खायच्या!

एका सकाळी मुंबईच्या विमानात त्याची धाकटी बहीण सगीरा होती. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. अकराला तिची मुंबईत मुलाखत होती, दुबईच्या इस्पितळातल्या नोकरीची. तारीख पुन्हा मिळणार नव्हती. ती खरं तर रात्रीच्या बसनं निघाली होती, शफीनंच अडवलं. ‘बसमध्ये हाल कशाला? माझा पास हाय, विमानानं जा.’

प्रवासी चढले आणि शफीला चाकाच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला. पुसला, तर दोन मिनिटांत पुन्हा आला. सुटा भाग मुंबईहून येणार, म्हणजे विमान दिवसभर उभं. मॅनेजर नानासाहेबांनी कपाळाला हात लावला.

“अरे, याच विमानाच्या पुढं चार फेऱ्या आहेत. सगळ्या रद्द करू? कंपनी बुडवतोस का?”

“नाय सोडत, साहेब.”

प्रवासी उतरवले. त्यांनी माझा जो उद्धार केला, तो लिहिण्यासारखा नाही. सगीरा मात्र बाकावर बसून मुकाट्यानं रडत होती. शफी तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. माफीच मागायला आला असावा, पण तिनं आधी विचारलं,

“भाईजान, खरं सांगा. मी आत नसते तर सोडलं असतं का?”

मला वाटलं, चिडेल. तो खाली बघत म्हणाला, “काल बी ओलं होतं. थोडंच होतं. पुसलं अन् सही केली.”

सगीराचं रडणं थांबलं. “काल किती माणसं होती?”

“बेचाळीस.”

मला त्याचा भयंकर राग आला. ती बेचाळीस माणसं मीच हसून आत सोडली होती. त्यात पाचोडची एक लेकुरवाळी होती.

शफीनं विमानाची नोंदवही मागवली आणि कालची गळती लिहायला घेतली. नानासाहेब धावत आले.

“वेडा झालास का? लायसन जाईल! कालचं कुणाला ठाऊक आहे?”

“सगीराला ठाऊक हाय,” तो म्हणाला आणि लिहीत राहिला.