मुंगळा पुल्लिंगी असतो

मराठीत मुंगी ती आणि मुंगळा तो. एवढ्या व्याकरणाच्या भरवशावर मी पीएचडीला निघालो होतो.

लातूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. विषय घेतला : नर मुंग्यांच्या शरीरातली रसायनं आणि त्यांचे संभाव्य उपयोग. सासुरवाडी मुरुडची. तिथल्या लिंबाखालून बरणीभर काळे मुंगळे धरले, बोटं सुजवून घेतली, अर्क काढला आणि आलेख घेऊन नांदेडला समितीपुढं उभा राहिलो. विषय नामंजूर झाला की नोंदणी रद्द.

समितीत प्राणिशास्त्राच्या एक मॅडम होत्या. आमचं पहिल्या नमस्कारापासूनच बिनसलं. त्यांनी तो घेतलाच नाही.

"आलेखातलं हे शिखर कशाचं?"

"फॉर्मिक आम्लाचं, मॅडम. नराचं हत्यार."

"नराला विषाची पिशवीच नसते. तुम्ही धरल्यात त्या सगळ्या माद्या. कामकरी."

"पण मुंगळा म्हणजे..."

"शब्दाला मिशा दिसल्या का तुम्हाला?"

समिती खिदळली. माझे मार्गदर्शक सरही. मग दाराबाहेर त्यांनी माझा दंड धरला. "काय करून राहिलात राव? एकच संधी मागून घेतलीय. नर आणा, अन् तोंड बंद ठेवा."

नराला पंख असतात, हे मी तेव्हा वाचलं. उन्हाळा सरताना किनवटला एका वसतिगृहाच्या व्हरांड्यात, दिवेलागणीला, ते ट्यूबलाइटखाली आपण होऊन येऊन पडले. एकही डसला नाही, तेव्हाच खात्री पटली. त्यांच्या जबड्याजवळच्या ग्रंथींचा अर्क काढला. बामासारखा वास.

दुसऱ्या बैठकीत मॅडमनी भिंगातून बघितलं. "नर आहेत," त्या म्हणाल्या, पदरचं काही द्यावं लागल्यासारखं. सहीसाठी पेन उघडलं. "ही रसायनं कशासाठी?"

"नक्की ठरलेलं नाही, मॅडम. मादीला बोलवायला असतील, बाकीच्या नरांना उडा म्हणायला असतील, नाहीतर शत्रूला हाकलायला. तेच तपासायचंय."

सर खूश होऊन मान डोलवत होते. मॅडमनी कुपीचं बूच काढून हुंगलं, सणसणीत शिंकल्या आणि खुर्चीसकट मागं सरकल्या.

"तिसरा उपयोग सिद्ध झाला, मॅडम," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

नोंदणी गेली. परतताना गाडी मी चालवत होतो, सर शेजारी बसले होते. अहमदपूरला उतरले, एकट्यानं चहा प्यायले आणि येऊन मागच्या सीटवर बसले.