भारद्वाजाला आज चांगलाच प्रसाद मिळाला

मंडळी, भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून आमच्या सासूबाई तो दिसला की लगेच हात जोडतात. परवा त्याच भारद्वाजाने आमच्या जाईच्या वेलातली बुलबुलाची पिल्लं खाल्ली.

आज सकाळी तो पुन्हा वेलावर उतरला. बुलबुलांची जोडी किंचाळत त्याच्यावर तुटून पडली. ओरडा ऐकून शिंजीर आणि कोतवालही धावले. घरटी त्यांचीही आहेत ना! कोतवालाने तर त्याच्या शेपटीचं पीसच उपटलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

सासूबाई हात जोडतच बाहेर आल्या.

"आई, पिल्लं यानेच खाल्ली," मी म्हटलं.

त्यांचे हात सुटले. "मेला कुठला! सोडू नका त्याला!" त्या पाखरांना ओरडून सांगू लागल्या.

तो देशपांडे नगराकडे पळालाय. तिकडच्यांनो, दिसला का? नमस्कार करू नका. आमच्याकडून मार खाऊन आलाय, उरलेला तुम्ही द्या.