‘नाहीत’ची दुसरी वेलांटी

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. बावीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती आणि तिची रीत न्यारी होती. पानाच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि उलट्या पावली वर यायचं. “अर्थ लागला की डोळा घसरतो,” असं ती नव्या माणसांना बजावी. मालक थट्टा करत, “बाई, तुमच्या फाशीचा हुकूम छापायला आला तरी तुम्ही त्यातले अनुस्वार तेवढे सुधाराल.”

नवरा गेल्यापासून घरात ती आणि मुलगी, दोघीच. मुलीला जुन्या भाषांचं वेड. आज कुणाच्याच तोंडी नसलेल्या भाषेची रूपं ती भांडी घासताना घोकायची. रात्रभराच्या प्रवासावरच्या एका कॉलेजाने तिला शिष्यवृत्तीसकट जागा दिली. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता.

मात्राबाईने लगेच विचारलं, “इथल्या कॉलेजात काय वाईट आहे?”

“इथे जुन्या भाषांचा विभाग धड चालतो तरी का, आई?”

“न चालायला काय झालं? त्यांचं माहितीपत्रक परवाच माझ्या हातून गेलंय. पान सतरा, विभागाचं नाव ठळक अक्षरात. अक्षर न् अक्षर बघितलंय मी.”

“नक्की?”

“माझ्या पानावर आजवर कुणी बोट ठेवलंय?”

आईला एकटं टाकून जाणं मुलीच्याही जिवावर आलं होतं. शुक्रवारी तिने नकार कळवला आणि मात्राबाईचा जीव भांड्यात पडला.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. “हा विषय बंद झालाय.”

“असं कसं? माहितीपत्रकात आहे!”

“मग वाचा की. शोभेला छापलंय का ते?”

पान सतरा. ठळक नावाखाली एकच ओळ होती: ‘यंदापासून या विभागात नवे प्रवेश दिले जाणार नाहीत.’

मात्राबाईला ती ओळ आठवली. अक्षरं जुळवणाऱ्याने ‘नाहित’ असं टाकलं होतं. तिने लाल शाईने दुसरी वेलांटी दिली होती, समासात खूणही केली होती. तो शब्द चांगला घटकाभर तिच्या डोळ्यांसमोर होता. त्याचा अर्थ तिला खरंच कळला नव्हता का, हे आता तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

मुलीने तिथूनच दूरच्या कॉलेजला फोन लावला. तिकडच्या बाई हळहळल्या, पण जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. पुढल्या वर्षी अर्ज करता येईल, मात्र नाकारलेली शिष्यवृत्ती पुन्हा मिळत नाही.

“तू वाचलं होतंस ना, आई?”

“तपासलं होतं,” मात्राबाई म्हणाली.

“वाणिज्यला जागा आहेत,” कारकून म्हणाला. “लवकर सांगा, मागे रांग आहे.”

मुलीने आईकडे न बघता पेन उचललं आणि अर्जावरचं विषयाचं नाव खोडलं.