पुंडलिकमामांचा शब्द

बिघडलेला संगणक समोर आला की पुंडलिकमामा त्याचं झाकण काढायचे, तो चालू करायचे आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांना उलटा हात लावायचे. पोराचा ताप बघतात तसा. मग निकाल: "अंग तापलंय, पण जीव हाय."

जोयड्याजवळच्या कुंभारवाडा गावातल्या त्यांच्या एका खोलीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, ती आमच्या वनहक्क संघटनेची पत्रकं जुळवायचा संगणक कडेवर घेऊन. त्यांनी आत डोकावून पाहिलं. "वनहक्कवाल्या तुम्ही, व्हय? मग आधी ह्या धुळीला उठवा. कब्जा करून बसलीय."

प्रोसेसरच्या बाजारात दोन बड्या कंपन्यांची झुंज आहे. एकीनं वेगवान चिप काढली की दुसरी घाईघाईनं त्याहून वेगवान काढते, आणि ती संगणकातल्या जुन्या मदरबोर्डात बसत नाही. जुना बोर्ड बनायचा बंद होतो. मग तो जळाला की चांगली चिपसुद्धा भंगारात. याला शहाणे लोक प्रगती म्हणतात. मी लूट म्हणते. मामा एवढंच म्हणायचे, "शर्यत त्यांची, धाप आपल्याला."

अणशीकडच्या एका शाळेनं दहा संगणक घ्यायचं ठरवलं, तेव्हा मामांनीच या दोनपैकी एका कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवलं. त्यात छापलं होतं, पुढच्या चिपसुद्धा याच बोर्डात बसतील. आमच्याकडे असे निर्णय देवळासमोर होतात. मामांनी नारळावर हात ठेवला. "हेच घ्या. पोरांना दहा वर्षं पुरवतो. माझा शब्द." नारळावर दिलेला शब्द आमच्याकडे मागे घेत नाहीत.

पुढं दुसऱ्या कंपनीनं आघाडी घेतली आणि या कंपनीनं बोर्ड बदलला. शाळेतले बोर्ड आमच्या दमट हवेत एकेक करून जायला लागले. बदली बोर्ड बेळगावातही मिळेना. मामा एका मेलेल्या संगणकाचे भाग काढून दुसऱ्याला बसवायचे. दहाचे सात झाले, सातांचे चार.

मी पेटले. संघटनेच्या जोयड्यातल्या सभेत मामांना बोलायला उभं करायचं ठरवलं. भाषणही लिहून नेलं. त्यांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"झकास लिवलंस. पण मी न्हाई बोलणार."

"का मामा? कंपनीनं फसवलं की नाही?"

"फसवलं की. पण कंपनी आली होती काय नारळावर हात ठेवायला? शब्द माझा होता."

"म्हणजे ती सुटली, आणि तुम्ही अडकलात!"

"तू तिला धर, पोरी. सोडू नकोस. मला तेवढं शाळेत जाऊ दे, बस चुकंल."

त्या बसनं ते दर आठवड्याला जात राहिले. छातीत पाणी झालं तरी गेले. शेवटी बेळगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या. बोलायला त्रास होत होता, तरी पहिला प्रश्न तोच.

"किती चालू हायत?"

"चारही चालू आहेत, मामा."

पत्रकात मी कधी खोटा आकडा छापला नाही. त्या दिवशी तोंडानं सांगितला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं तोंड पत्रकासारखं हाय गं, लांबनं वाचता येतंय. दोन असतील."

मी होय म्हणून मान हलवली.

"मग पाळी लाव. कुणाला वगळू नको. अन् पोरांना सांग, पुंडल्या चुकला म्हणून. कंपनी-बिंपनी सांगत बसू नको."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

मी शाळेत पाळी लावली. एकेका मुलाला आठवड्यातून वीस मिनिटं. मामांनी सांगायला लावलेलं वाक्य मात्र मी मुलांना सांगितलं नाही. कंपनीचंच सांगितलं, नाव घेऊन, फळ्यावर लिहून. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पंधरवड्यात दोनातला एक बंद पडला. पाळी आता दहा मिनिटांची आहे.